तिसाच्या आत

"पृथ्वी तापली तरी माझं नवं घर तापणार नाही," अशी घोषणा माधुरीने टोकावड्यात केली, तेव्हा तिच्याच नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता. पश्चिमेला खिडकी नको, भिंती आतून पोकळ, छपराला पांढरा चुना, हे निर्णय तिचेच. बाप नवशा म्हणाला, "वास्तुशांतीला पारा तिसाच्या वर गेला, का मी एसी बसवनार. मंग बोलायचं नाय." मे महिन्यात वास्तुशांत झाली. बाहेर बेचाळीस, घरात अठ्ठावीस. मग गाव जेवलं आणि रीतीप्रमाणे तिथंच आडवं झालं. माणसाचं अंगही शेगडीच असतं, हे माधुरी हिशेबात धरायला विसरली होती. साठ जण घोरू लागले आणि पारा एकतिसावर चढला. नवशाने मिशांना पीळ देत फोन काढला. तेवढ्यात कोपऱ्यातून बाईजाआजी करवादली, "पाय गारठलं रे. फोन मंग कर, आधी गोधडी दे."