एमेटची डबी

"तुमचं यंत्र आता आमच्या यादीत नाही, सर," फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"यादीत नसेल, माझ्या डोळ्यात आहे," नॉर्बर्ट विल्झॅक म्हणाला. "तुम्हीच शस्त्रक्रिया करून बसवलंय."

डोळ्यातली चकती शाबूत होती. काळ्या चष्म्यावरचा कॅमेराही ठीक होता. बिघडली होती ती कॅमेऱ्यातलं चित्र चकतीकडे पाठवणारी, कमरेला लावायची डबी, आणि तिच्याशिवाय बाकीच्या सगळ्याचा उपयोग शून्य. नवी डबी मिळणार नव्हती. कंपनीनं अंधांचा विभाग गुंडाळला होता. आता ती दारावरच्या बोलक्या घंटा बनवत होती.

"जुन्या ग्राहकांना घंटेवर वीस टक्के सूट आहे."

"मला दारात कोण आलंय ते दिसत नाही, बाई."

"घंटा सांगेल ना, सर."

नॉर्बर्टनं फोन ठेवून दिला.

त्या डबीमुळे फार काही दिसायचं असं नव्हे. उजेड, काळोख, दाराची चौकट, माणसाचा आकार, रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे. पण बायको गेल्यावर तेवढ्यावर तो ईरी गावातल्या घरात एकटा राहत होता. एप्रिलमध्ये डबी बंद पडली आणि त्याची मुलगी डीन ही कोलंबसहून येऊन वृद्धाश्रमात त्याचं नाव घालून गेली. सप्टेंबरपर्यंत डबीचं काही जमलं तर बघू, म्हणाली. जमणार नाही हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

गावात ही चकती बसवलेला दुसरा माणूस एकच होता, एमेट हॉलोरन. नजर जायच्या आधी तो दुधाचा ट्रक चालवायचा. आठ वर्षांपूर्वी कंपनीच्या जाहिरातीत नॉर्बर्टचा हसरा फोटो झळकला होता, आणि त्यानंच एमेटला गळ घातली होती. सुरुवातीला एमेट अडून बसला होता. "त्यांना कंटाळा आला की आपण कुणाच्या दारात जायचं?" असं विचारायचा. नॉर्बर्टनं ते हसण्यावारी नेलं होतं, आणि शेवटी एमेटनंही चकती बसवून घेतली होती.

आता एमेटच्या स्वादुपिंडात कॅन्सर होता. उन्हाळा निघेलसं डॉक्टरांना वाटत नव्हतं. नॉर्बर्टला हे चर्चमध्ये कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी तो बसनं त्याच्याकडे गेला.

एमेटची बायको रोझान आधी खोलीत गेली, तिनं उशी सारखी केली, मग नॉर्बर्टला आत घेतलं.

"घरात तरी टोपी काढ," एमेट पलंगावरून म्हणाला.

नॉर्बर्टनं टोपी काढली. म्हणजे एमेटची डबी चालू होती.

"दोन वर्षांनी आठवण झाली?" एमेटनं विचारलं.

"बस मिळत नव्हती."

"दोन वर्षं?"

दोघंही हसले. नॉर्बर्ट जरा जास्तच हसला.

तिसऱ्या खेपेला एमेटनं आडपडदा ठेवला नाही. "तू कशासाठी येतोस ते मला ठाऊक आहे. दुसऱ्याची डबी चालते आपल्याला, हो ना?"

नॉर्बर्टनं खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"मी गेलो की ती तुझी. रोझानला सांगून ठेवतो. पण रोज यायचं. एक दिवस चुकला की विसरायचं."

नॉर्बर्ट रोज जाऊ लागला. चिकनचं सूप चमच्यानं भरवायचा. रेडिओवरच्या बेसबॉलमधलं एमेटला ऐकू न आलेलं पुन्हा सांगायचा. ओकारी झाली तर चाचपडत पुसून काढायचा. शेजारणी त्याला देवमाणूस म्हणायच्या, आणि ते ऐकायला त्याला बरं वाटायचं. एमेटची दाढीही तोच करायचा. जबडा किती आत गेलाय हे बोटांना कळायचं. मग परतीच्या बसमध्ये तो मनाशी आठवडे मोजायचा.

जुलैत बफलो शहरातून फोन आला. तिथला अशीच चकती बसवलेला एक रुग्ण वारला होता. त्याची डबी चालू होती, पण मागणारे तिघं होते. उद्या जो पहिला दारात येईल त्याला देऊ, असं घरच्यांनी सांगितलं. शेजारी गाडीतून न्यायला तयार होता.

"एका दिवसाचा प्रश्न आहे," नॉर्बर्ट एमेटला म्हणाला.

"जा की. मी कुठे धरून ठेवलंय? फक्त इथली आशा सोडायची."

नॉर्बर्ट रात्रभर तळमळला. बफलोची डबी त्यानं पाहिलेली नव्हती. कुणी आधी पोहोचलं तर? पोहोचून ती बंद निघाली तर? ही मात्र रोज त्याच्या समोर होती. कालच एमेट म्हणाला होता, "सरक बाजूला, खिडकी अडवतोयस." सकाळी त्यानं बफलोला नाही कळवलं आणि सूपाचा डबा घेऊन नेहमीची बस पकडली.

"आलास?" एमेट म्हणाला. त्या दिवशी त्यानं बराच वेळ नॉर्बर्टचा हात सोडला नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एमेट गेला. दफनाच्या वेळी नॉर्बर्टला रडू कोसळलं. ते नक्की कशाचं, हे त्याचं त्यालाही कळेना.

चार दिवस त्यानं जनाची लाज म्हणून काढले. पाचव्या दिवशी तो रोझानकडे गेला. तिनं कॉफी केली, मग आतून एक कापडी पिशवी आणून त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं डबी बाहेर काढली. कडा, बटण, वायरचं भोक, सगळं अंगठ्यानं तपासलं. डीनला काय सांगायचं ते त्याच्या मनात तयार होतं.

"चार्ज केलीय ना?" त्यानं विचारलं.

रोझाननं हातातला कप खाली ठेवला.

"ती मार्चपासून बंदच आहे," ती म्हणाली. "टोपीचं मीच आधी त्याच्या कानात सांगितलं होतं. तुम्हाला कळलं तर तुम्ही यायचे नाहीत, म्हणायचा."