न सांगता

यादवी पेटली तशी रेमेदिओसने फादर अन्सेल्मोंना भाऊ म्हणून घरात ठेवलं. डोक्यावरचं मुंडलेलं वर्तुळ भरू दिलं, कुदळ मारायला लावून हातांना घट्टे पाडले, वर चार शिव्याही शिकवल्या. तीन वर्षांच्या नुरियाला बजावलं, "मामाच म्हणायचं हं!"

पाद्री शोधत शहरातून बंदूकवाले आले. "काय मामा, पाव एकटेच खाता?"

"या की हरामखोरांनो, तुमच्या बापाचंच घर आहे!" फादर गरजले.

सगळे खिदळले. रेमेदिओसचा जीव भांड्यात पडला.

फादरांनी नुरियालाही तुकडा दिला. तिने आधी, दर रविवारी चर्चच्या दारात आईने सांगितल्यावर घ्यायची तसा, त्यांच्या हाताचा मुका घेतला.

ऑलिव्हच्या झाडांकडून बार ऐकू आला, तेव्हाही ती पाव चघळत होती. "आई, आज मी न सांगता केलं, हो ना?"