मागून येणारे बाबा

फाट्यावर रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे मारून घ्यायला मंगलाबाई किती वर्षं भांडल्या, ते सगळ्या गावाला ठाऊक. याच रस्त्यावर त्यांचा नवरा अपघातात गेला होता, ऐन चाळिशीत.

पट्टे आले आणि खरंच, कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर थांबू लागले. रोज दिवेलागणीला डेअरीवरून दूध घेऊन मंगलाबाई पट्ट्यांवरून घरी परतायच्या. घर रस्त्याला लागूनच. मुलगा सुरतला गेल्यापासून त्यांच्यासाठी थांबणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

फक्त, त्या पलीकडे पोचल्या तरी ट्रॅक्टर हलत नसत. एखाद्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडायला लागेल तेवढा वेळ तसेच उभे राहत.

एकदा त्यांनी गोपाल ड्रायव्हरला कारण विचारलंच, "आते कसाले थांबना शे रे भाऊ?"

"मांगे बाबा ई ऱ्हायनात ना, काकी. त्यासले बी येऊ द्या."

मागे पट्टे रिकामे होते. आणि त्यांच्या नवऱ्याला तर म्हातारपण लाभलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मंगलाबाई पट्ट्यांवरून हळू चालू लागल्या.

काल मात्र त्या पलीकडे पोचताच गोपालने ट्रॅक्टर पुढे काढला. मंगलाबाईंनीच हात करून त्याला थांबवलं.

"आज बाबाकरता नही थांबना?"

गोपालने उंच सीटवरून त्यांच्या घराकडे बोट केलं.

"आज बाबा पुढे गयात, काकी. देखा, दार उघाडी ऱ्हायनात."

कुलपाची किल्ली मंगलाबाईंच्या मुठीत होती. समोर, घरात दिवा लागला.