फणसांबा

"सात वळसे दे, जास्त नको," आई म्हणाली. "तुला लागू पडायचा, म्हणजे मलाही पडेल."

तासाभरात एमआरआयला निघायचं होतं. त्या यंत्रात शिरायच्या धास्तीनं तिचे हात सकाळपासून कापत होते. मी सहाणेवर फणसांबा उगाळत होते.

फणसाच्या खोडावर येणारी ही लाकडासारखी कडक अळंबी आमच्याकडे धास्तीवरचं औषध. माझ्या प्रत्येक परीक्षेच्या सकाळी आई ती उगाळून द्यायची. मी वाटी घेऊन मोरीत जायचे, ओतून टाकायचे आणि तोंड वाकडं करत बाहेर यायचे. "कडूजहर आहे," म्हणायचे. मग ती माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. पेपर चांगला गेला की शेजारणींना फणसांब्याचे गुण सांगत सुटायची.

आज वाटी उचलण्याआधी तिनं गुळाचा खडा मुठीत तयार ठेवला. एका दमात प्यायली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"हा कडू कुठाय गं?"

मी खाली मान घालून सहाण धुवायला घेतली.

"तूच घे, तुला सवय आहे," म्हणत तिनं खडा माझ्या ओल्या हातावर ठेवला. तिची बोटं अजून कापत होती.