वामनरावांची दुरुस्ती

दिव्यानी मेश्रामचा लेख या महिन्यातही उशिरा आला, आणि त्याच्या आधी ते पत्र येऊन पडलं होतं.

पत्र नागपूरच्या एका वर्गणीदाराचं, स्वच्छ टाइप केलेलं. वर ठळक अक्षरांत एकच ओळ होती : तुमची लेखिका खोटी आहे. आलापल्लीजवळच्या तिच्या गावात त्याचे मेहुणे मास्तर होते. त्या गावात घरी शिकणारं एकही मूल नाही, झाडून सगळी शाळेत जातात, असं त्यानं खाली लिहिलं होतं.

वामनराव वरोऱ्याहून 'घरची पाटी' नावाचं मासिक काढत. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांसाठी. कुटुंबं तीनशेच्या आतबाहेर, पण एकेक भारी चिकित्सक. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आवाहन छापलं होतं, 'घरी कुणाला शिकवत असाल तर अनुभव लिहून पाठवा.' बहुतेकांनी आपल्या पोरांची कौतुकं पाठवली. दिव्यानीनं मात्र वहीच्या एका पानाचा फोटो मोबाइलवर पाठवला.

'तेंदूच्या पानांचे पुडे ती माझ्यापेक्षा भराभर बांधते. सत्तर पानांचा एक पुडा, कधी चूक नाही. पण सत्तर लिही म्हटलं की रडकुंडीला येते. म्हणून मी पाटी बाजूला ठेवली आणि पुडेच पुढ्यात घेतले.'

वामनराव खूश झाले. त्यांनी फक्त एक दुरुस्ती केली. दिव्यानी सगळीकडे 'माझी विद्यार्थिनी' लिहायची. आईनं असं परक्यासारखं काय लिहायचं? त्यांनी तिथं 'माझी लेक' केलं.

'सर, माझे शब्द बदलू नका,' असा तिचा निरोप आला.

'संपादकाचं काम संपादकाला करू द्या, ताई,' वामनरावांनी कळवलं.

'ठीक आहे. ती वाचून खूप हसली.'

लेख येत राहिले. विद्यार्थिनीचा दात पडला, त्या दिवशी 'द' शिकवला. वाचताना ओठ हलले, बोट ओळीखाली फिरलं, तरी रागावू नका, असं एका लेखात होतं. पुण्यातल्या चार कुटुंबांनी ते करून पाहिलं आणि आभाराची पत्रं धाडली. वर्ग मात्र नेहमी संध्याकाळी. दिवसभर बिचारी राबत असेल, असं वामनराव म्हणत. फोन लावला तर रेंज नसायची. मध्ये एकदा लेख लांबला तेव्हा तिनं कळवलं, 'सध्या माझी परीक्षा चालू आहे.' वामनरावांना भरून आलं. संसारी बाईची रोजचीच परीक्षा, असं त्यांनी बायकोला ऐकवलंसुद्धा. बायकोनं मान वर केली नाही.

आता मात्र इलाज नव्हता. तक्रार आली आहे, खात्री पटेपर्यंत लेख थांबवतो, असं त्यांनी दिव्यानीला कळवलं. उत्तर पाचनंतर आलं.

'थांबवू नका सर. ती दुसरं पुस्तक उघडतच नाही. स्वतःबद्दल छापून येतं तेवढंच वाचते. ते बंद झालं तर ती पाटी परत हातात धरणार नाही.'

हे वाचल्यावर वामनरावांना चैन पडेना. एका जिवाचं शिक्षण आपल्या हातून बुडायला नको, असं त्यांना मनापासून वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते एसटीत बसले, चंद्रपूरला गाडी बदलली आणि दुपार कलता कलता गावात उतरले.

मेश्रामांचं घर कुणीतरी बोटानं दाखवलं. अंगणात चाळिशीकडे झुकलेली बाई सुपानं धान पाखडत होती.

"मेश्रामताई? मी वामनराव. वरोऱ्याचा."

"मासिकवाले?" बाईनं सूप ठेवलं, पदर सारखा केला. "बसा ना भाऊ."

तिनं बाज ओढली, पाणी आणलं. तिला आनंद झाला होता आणि धास्तीही वाटत होती.

"लेक कुठंय?"

"शाळेत. येतेच आता."

वामनरावांचा गडवा हातातच राहिला. "शाळेत जाते?"

"जाते ना जी. एक दिस बुडवत नाई."

वामनराव संतापले. पण संतापापेक्षा त्यांना वाईट वाटलं. ते लेख त्यांचे फार आवडते होते.

"मग दोन वर्षं माझ्या वाचकांना काय सांगितलंत, ताई?"

बाई गडबडली. "काई चुकलं असन त मले बोला. पन लेख बंद नोका करू, भाऊ."

"मी काय बोलणार? लोक काय बोलतात ते वाचा." त्यांनी पत्र तिच्या हातात दिलं.

बाईनं कागदाकडे पाहिलं, मग फाटकाकडे. शेवटी ती खाली बसली, पत्र मांडीवर सरळ केलं आणि ठळक ओळीच्या पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. तिचे ओठ हलू लागले.

वामनराव थांबले. एवढ्याशा ओळीला एवढा वेळ का लागावा, ते त्यांना कळेना.

फाटक वाजलं. तेरा-चौदा वर्षांची, दोन वेण्या घातलेली मुलगी गणवेशात आत आली. पाहुण्याला बघून तिनं दप्तर खाली ठेवलं.

"नमस्कार सर," ती म्हणाली. "मी दिव्यानी."

ती बाईच्या शेजारी जाऊन बसली.

"ले... खि... का," बाईचं बोट पुढे सरकलं. "खो... टी."

दिव्यानीनं तो शब्द पाहिला.

"बरोबर," ती म्हणाली. "आता पुढचं वाच, माय."