तीसपर्यंत आकडे

"तीसपर्यंत आकडे मोज म्हटलं, तर बावीसला का थांबतोस रे बाबा?" अर्देंगो फुझारी ओरडला.

नाझारेनो म्हातारा ओशाळला. "मध्येच रडायचं होतं ना, साहेब?"

"रडत रडत मोज!"

सिनेमाचा आवाज मागाहून भरायचा, ही रोमची रीतच होती. पडद्यावर ओठ हलले की झालं. म्हणून रस्त्यावरून उचलून आणलेल्या नटांना नुसते आकडे म्हणायला लावत. नाझारेनो गवंडी. दिग्दर्शकाला त्याचा चेहरा आवडला आणि अर्देंगोच्या डोक्याला ताप झाला.

अर्देंगो निर्मिती व्यवस्थापक. बारा वर्षं तो दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी गाड्या, जेवणं आणि परवाने जमवत आला होता. पण हा प्रसंग त्याने स्वतः लिहिला होता: मुलाच्या सुटकेसाठी जर्मन अधिकाऱ्यापुढे हात जोडणारा बाप. तो जमला, तर पटकथाकार म्हणून पडद्यावर त्याचं नाव लागणार होतं. आणि हा म्हातारा बटाटे मोजावेत तसा मोजत होता!

चौथ्या खेपेला फाटकाशी कुणी बाई हातवारे करत म्हाताऱ्याला काही सांगू लागली. "चित्रण संपेपर्यंत चिटपाखरूही आत येता कामा नये," अर्देंगोने पहारेकऱ्याला बजावलं. म्हातारा काही बोलायला पुढे आला.

"जागा सोडू नकोस! ऊन चाललंय!"

शेजारच्या सेटवर ठोकाठोक, इकडे जनरेटरची घरघर. कॅमेरा सुरू झाला आणि म्हातारा खरोखर रडला. हात जोडलेले, ओठ अखंड हलत होते, नजर सरळ कॅमेऱ्याशेजारी उभ्या अर्देंगोवर. दिग्दर्शकाने आनंदाने टोपी उडवली. "आणखी एकदा, जवळून!" ऊन उतरेपर्यंत त्यांनी तो प्रसंग आणखी तीनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा आलाच नाही. "चार लोकांनी वाहवा केली की शेफारतात लेकाचे," अर्देंगो करवादला.

महिन्याने आवाज भरायला बसले, तर अर्देंगोचा एकही संवाद त्या ओठांवर बसेना. त्याने पाच कागद टराटरा फाडले. "या गाढवाला धड आकडेही म्हणता येत नाहीत!"

योलांदा पंधरा वर्षं पडद्यावरच्या ओठांना आवाज देत आली होती. तिने ती फीत पुन्हा लावायला सांगितली. मग आणखी एकदा.

"हे आकडे नाहीतच," ती म्हणाली.

"मग काय बरळतोय?"

योलांदा पडद्यावरची नजर न काढता, त्या ओठांबरोबर हळूहळू बोलू लागली, "फुझारीसाहेब, फाटकाशी माझी शेजारीण आलीय... बायकोचं काही खरं नाही म्हणते... पाया पडतो तुमच्या, मला घरी जाऊ द्या."