टोपलीतली मुलगी

फोन पुन्हा वाजला. आईने तो उचलला, थोडा वेळ ऐकून घेतलं आणि एक शब्दही न बोलता ठेवून दिला.

"तोच का गं?" मुलीने विचारलं.

"तोच. तू वाच पुढे."

शहरभर मुलीच्या फोटोची पोस्टरं लागली आणि हे फोन सुरू झाले. मुलीने उचलला की पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मुलगी पुराणकथांची अभ्यासक. उद्या भर सभागृहात तिचं व्याख्यान होतं, 'धर्मग्रंथातल्या कथा आधीच्या संस्कृतींकडून उसन्या घेतल्या आहेत का?' विषय वाचूनच काही लोकांचं पित्त खवळलं होतं. कोपऱ्यावरच्या पोस्टरवर कुणीतरी तिच्या डोळ्यांना काळं फासलं होतं. आयोजकांनी दारावर पोलीस मागवले होते.

प्रत्येक व्याख्यान आधी आईला वाचून दाखवायचं, हा मायलेकींचा जुना शिरस्ता. आईला कळलं की सभेला कळतं, असा मुलीचा हिशोब. आईने उभी हयात प्रसूतिगृहात नर्स म्हणून काढलेली, आणि पुस्तक म्हणाल तर एक धर्मग्रंथच काय तो वाचलेला. पण मुलीचं वाक्य जरा लटपटलं की "पंडितीणबाई, हे परत सांगा" म्हणून ती हमखास टोकायची. आज तिने एकदाही टोकलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खाली मान घालून ती मटार सोलत होती. मघापासून एकच पालुपद चालू होतं, "उद्या नको जाऊस गं."

"चार डोकेफिरू फोन करतात म्हणून मी घरात बसू?"

आईने पुढची शेंग उचलली.

मुलीने पुन्हा कागद हातात घेतले. धर्मग्रंथात एक तान्हं मूल टोपलीत घालून नदीत सोडतात. टोपलीला डांबर फासलेलं असतं, ती लव्हाळ्यात अडकते, मूल वाचतं आणि पुढे मोठं नाव काढतं. त्याच्याही आधीच्या एका संस्कृतीत एका राजाच्या जन्माची अशीच कथा सांगत. टोपली तीच, डांबरही तेच.

"एकासारखं दुसऱ्याचं घडू शकत नाही का?" आईने मान वर न करता विचारलं.

"घडू शकतं ना! सुरुवातच तशी केलीय बघ." मुलगी हसली. "'मी स्वतः टोपलीत सापडलेली मुलगी आहे.' श्रद्धाळू मंडळींनाही जरा बरं वाटेल."

"ते काढून टाक."

"का? मला नाही बाई त्याची लाज वाटत."

खरंच वाटत नव्हती. उलट ती गोष्ट तिची फार लाडकी. रात्रपाळी संपवून आई पहाटे घरी निघाली होती. प्रसूतिगृहामागे नदी, लव्हाळ्यात अडकलेली टोपली, बाहेरून डांबर, आत ती. लहानपणी हे ऐकल्याशिवाय तिला झोप यायची नाही. शाळेत कुणी 'सापडलेली' म्हणून चिडवलं की ती ताठ मानेने सांगायची, मी नदीने दिलेली आहे. मोठेपणी ती या विषयाकडे वळली तीसुद्धा त्या टोपलीपायीच.

ती पुढे वाचू लागली. "मग उसनी कथा ओळखायची कशी? नुसत्या सारखेपणावरून नाही. मोठ्या बहिणीचा फ्रॉक धाकटीला घातला की बाह्या लोंबतात. कथेचंही तसंच असतं. नव्या ठिकाणी ज्याचं काही काम नाही, जे तिथे असूच शकत नाही, असं काहीतरी तिच्यात लोंबत राहतं. ते शोधा. मग विचारा, अशी कथा सांगायची वेळ का आली? आपण कोणाचे, हे त्या राजाला लपवायचं असेल. नदीने दिलं म्हटलं की खरे आईबाप कोण, हे कुणी विचारत..."

ती थांबली.

प्रसूतिगृहामागची नदी तिच्या रोजच्या फिरायच्या वाटेवरच होती. दोन्ही काठ दगडांनी बांधलेले, ते प्रसूतिगृहाहूनही जुने. तिथे लव्हाळं उगवायला चिमूटभर माती नव्हती. आणि या शहरात टोपलीला डांबर फासत बसणार कोण? अर्धं आयुष्य तिने दुसऱ्यांच्या ग्रंथांतल्या लोंबत्या बाह्या शोधण्यात घालवलं होतं. घरातली तेवढी राहून गेली होती.

तिने आईकडे पाहिलं. आई दाणे सालींत टाकत होती आणि साली दाण्यांत.

"आई, त्या नदीवर लव्हाळी कुठे होती गं?"

आईचे हात थांबले.

"मला तेवढी एकच गोष्ट येत होती," ती म्हणाली. "म्हटलं, खोटं सांगायचंच आहे, तर निदान चांगल्या ठिकाणचं सांगावं."

पुढचं विचारायची मुलीला भीती वाटली, आणि न विचारता राहवेना.

"मग मी कुठून आले?"

फोन वाजला. मुलगी संतापाने उठली. आज त्या लोकांना चांगलं फैलावर घ्यायचं, म्हणून तिने हात पुढे केला. आईने तिचं मनगट घट्ट धरलं.

"ते लोक नव्हेत गं," आई म्हणाली. "एक बाई आहे. 'पोस्टरवरच्या मुलीचा चेहरा माझ्यासारखा कसा?' एवढंच ती विचारते. तुझा आवाज ऐकला की तिला बोलवत नाही. त्या पहाटे मीच तिला सांगितलं होतं, मूल मेलेलं जन्मलं म्हणून."